बोटांच्या मापाचा संगणक

संगणक शिकवणारे बहुतेक जण यंत्र चालू करण्यापासून सुरुवात करतात, मग लेखनाचा प्रोग्राम येतो, मग इंटरनेट येते, आणि कीबोर्ड, माउस व स्क्रीन यांच्या सेटिंगचा विषय वेळ उरलाच तर शेवटी उरकला जातो. केळापूर तालुक्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणारे दोन संगणक मी सांभाळते, आणि तेथे येणाऱ्या माणसांकडे पाहून माझे मत अगदी उलट झाले आहे. अक्षर किती मोठे दिसावे, बाण किती वेगाने पळावा, कळ किती वेळ दाबून राहिली म्हणजे ती पुन्हा उमटू लागावी आणि मराठीकडे वळण्यासाठी कोणते बटन असावे, हे सारे माणूस खुर्चीवर बसण्याआधी ठरलेले असले पाहिजे. ते न ठरवता शिकवायला घेतले, तर समोरच्या माणसाची पहिली समजूत ‘हे आपल्याला जमण्यासारखे नाही’ अशी होते, आणि एकदा तसे वाटलेला माणूस, त्यातही चाळिशी ओलांडलेला, सहसा परत येत नाही.

आमचा भाग कापसाचा आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते, त्यामुळे आठवडी बाजारात वऱ्हाडीच्या जोडीला तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानावर पडते. वाचनालयात येणारे लोकही तितकेच निरनिराळे असतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले येतात, बचत गटाच्या बाया बैठकीचे इतिवृत्त आणि कर्जफेडीचा तक्ता लिहायला येतात, सातबारा पाहायला शेतकरी येतात, आणि तहसील कचेरीबाहेर टंकलेखनाच्या यंत्रावर अर्ज लिहिण्यात उमेदीची वर्षे घालवलेले एक वयस्क काका येतात, ज्यांना आता स्वतःच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत. या सर्वांचे हात एकसारखे नाहीत. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी चालते, आणि वाळलेल्या बोंडाची टोके लागून वेचणाऱ्या बाईच्या बोटांची पेरे फाटलेली असतात. त्या बोटाला कळीचा हलका स्पर्श नीट समजत नाही, म्हणून ते बोट कळीवर जरा जास्त वेळ रेंगाळते.

आता संगणक आपल्याकडून काय गृहीत धरतो ते पाहावे. लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये, म्हणजे स्क्रीनवरील खिडक्या-पट्ट्यांच्या व्यवस्थेत, कळ ५०० मिलिसेकंद दाबून राहिली की अक्षर पुन्हा पुन्हा उमटू लागते. खिडक्या आणि बटने काढणाऱ्या जीटीके या साधनसंचात, ज्यावर ग्नोम आणि आमच्याकडचा एक्सएफसीई हे दोन्ही डेस्कटॉप उभे आहेत, दोन क्लिकमधील अंतर ४०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त झाले तर ते डबल क्लिक मानले जात नाही. बाणाचा आकार बहुतेक ठिकाणी २४ पिक्सेल असतो आणि अक्षरांचे माप एका इंचाला ९६ ठिपके धरून काढलेले असते. कीबोर्डावर वाढलेल्या हाताला आणि तरुण डोळ्याला हे आकडे योग्यच आहेत, पण ते कोणीतरी कोणाच्या तरी हातावरून बांधलेले अंदाज आहेत आणि ते बदलण्यासाठीच उघडे ठेवलेले आहेत. सुतार कुदळीला दांडा बसवतो तेव्हा ती कोण चालवणार आहे हे आधी विचारतो. संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याची पद्धत आपल्याकडे पडलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

सर्वांत जास्त अडचण कीबोर्डाशी होते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. लिनक्सच्या डेस्कटॉपमागे वर्षानुवर्षे एक्स विंडो सिस्टीम, थोडक्यात एक्स, काम करत आली आहे; खिडक्या दाखवणे आणि कीबोर्ड-माउस वाचणे हे तिचे काम. तिची आजही चालणारी अकरावी आवृत्ती १९८७ सालची आहे. कोणती कळ दाबली म्हणजे कोणते अक्षर उमटावे हे ठरवणारा तिचा भाग एक्सकेबी या नावाने ओळखला जातो, आणि त्यात भारतातील बहुतेक लिप्यांच्या मांडण्या आधीपासून असतात. काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. एका वेळी जास्तीत जास्त चार मांडण्या जोडता येतात. आमच्याकडे तीन पुरतात, इंग्रजी, मराठी आणि तेलुगू. इंग्रजीची मांडणी निवडताना मी अमेरिकी न घेता रुपयाच्या चिन्हासह असलेली भारतीय इंग्रजी घेते, कारण तिच्यात उजवे ऑल्ट धरून ४ ची कळ दाबली की ₹ उमटते. हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात आले. बचत गटाच्या तक्त्यात ‘रु.’ च्या जागी हे चिन्ह आले की बायांना आपला कागद बँकेच्या कागदासारखा वाटतो, आणि त्या समाधानाला मी किरकोळ समजत नाही.

मराठीसाठी मी नवशिक्यांना इन्स्क्रिप्ट शिकवते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली या मांडणीला रूप दिले आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, अशी तिची विभागणी आहे. कीबोर्डाच्या एफ आणि जे या कळांवर बोटाला लागणारा बारीक उंचवटा असतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्या जागी ऱ्हस्व वेलांटी आणि र येतात. इंग्रजी उच्चारावरून मराठी लिहिण्याच्या पद्धती मुलांना लवकर जमतात हे खरे आहे, आणि ज्याला इंग्रजी कीबोर्ड पाठ आहे त्याने त्या खुशाल वापराव्यात. पण ज्या बाईला इंग्रजी अक्षरांची ओळखच जेमतेम आहे, तिला मराठी लिहिण्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंगचा विचार करायला लावणे मला अन्यायाचे वाटते. इन्स्क्रिप्टचा आणखी एक गुण आमच्या भागात रोज उपयोगी पडतो, तो म्हणजे सर्व भारतीय लिप्यांत त्याच अक्षराची जागा तीच असते. मराठीतला क ज्या कळीवर आहे त्याच कळीवर तेलुगूतला क आहे. आदिलाबादकडे आजोळ असलेल्या एका मुलीला तेलुगू वाचता येत होते, पण तिने त्या लिपीत संगणकावर कधी लिहिले नव्हते. मराठी मांडणी हाताला बसल्यावर तिने फक्त भाषा बदलली आणि मामाला पत्र लिहिले.

एका मांडणीकडून दुसरीकडे जाण्याचे बटन कोणते असावे, या साध्या प्रश्नात फार काही दडलेले आहे. बहुतेक ठिकाणी दोन कळा एकत्र दाबायची सोय असते, ऑल्ट आणि शिफ्ट किंवा विंडोजची कळ आणि स्पेस. एका बोटाने लिहिणाऱ्या माणसाला दोन कळा एकत्र दाबणे म्हणजे दोन्ही हात उचलून पुन्हा जागा शोधणे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे कॅप्स लॉक ही मोठी, हाताशी असलेली कळ आपल्याला निरुपयोगी आहे. एक्सकेबीच्या पर्यायांत भाषा बदलण्याचे काम याच कळीला देता येते, आणि त्याच्या जोडीला आणखी एक पर्याय आहे, जो मला अतिशय मोलाचा वाटतो: दुसरी मांडणी चालू असताना कीबोर्डावरचा दिवा लागलेला ठेवण्याचा. दिवा लागला आहे म्हणजे मराठी, विझला आहे म्हणजे इंग्रजी. लिहिणाऱ्याची नजर कीबोर्डावरच असते, स्क्रीनच्या कोपऱ्यातील बारीक चिन्हाकडे ती जात नाही, म्हणून ही खूण तेथेच असायला हवी. तेलुगू जोडलेल्या खात्यात मात्र दोन्ही भारतीय मांडण्यांना दिवा लागतो, तेथे पट्टीवरील चिन्हच पाहावे लागते.

एक्सएफसीईच्या पट्टीवरील कीबोर्ड-मांडणीच्या प्लगिनमध्ये भाषा सर्व खिडक्यांना एकच ठेवायची की प्रत्येक खिडकीला वेगळी, असाही प्रश्न असतो. अनुभवी माणसाला वेगळी ठेवणे सोयीचे पडते. नवीन माणसाचा मात्र गोंधळ उडतो, कारण खिडकी बदलताच भाषा का बदलली हे त्याला कळत नाही. आम्ही सर्वांना एकच ठेवतो. आणि यादीत इंग्रजी नेहमी पहिली ठेवावी. संपूर्ण यंत्राची कीबोर्ड-मांडणी डेबियन या लिनक्सच्या प्रकारात एका मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते, लॉगिनचा पडदाही तीच वाचतो, आणि तेथे पहिली भाषा मराठी असली तर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही.

आता शिफ्ट. इंग्रजी लिहिताना वाक्याच्या आरंभी एकदा शिफ्ट लागते आणि मग बराच वेळ लागत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ ही महाप्राण अक्षरे, शिवाय ण, ळ, श आणि सर्व सुटे स्वर शिफ्टवर आहेत. ‘आई’ हा शब्द लिहायचा तर दोन्ही अक्षरांना शिफ्ट धरावी लागते. दोन्ही हातांनी लिहिणाऱ्याला याचे काही वाटत नाही, पण एका बोटाने लिहिणाऱ्याला शब्दाशब्दाला डावा हात आणून ठेवावा लागतो, आणि कळ सुटली की ‘आई’ च्या जागी नुसता काना आणि वेलांटी उमटतात. यावर उपाय एक्सकेबीत पूर्वीपासून आहे. त्याचे नाव स्टिकी कीज, आणि तो दिव्यांगांसाठीच्या ॲक्सेसिबिलिटीच्या विभागात ठेवलेला असल्यामुळे इतर कोणी तिकडे फिरकत नाही. तो चालू केला की शिफ्ट दाबून सोडावी आणि मग अक्षराची कळ दाबावी. शिफ्ट पुढच्या एका कळीपुरती लक्षात ठेवली जाते. बचत गटाच्या खात्यात हा पर्याय मी कायम चालू ठेवला आहे. मात्र त्याच्याच शेजारी दोन कळा एकत्र दाबल्या तर ही सोय आपोआप बंद करण्याचा एक पर्याय असतो, तो काढून टाकावा, नाहीतर एखाद्या मुलाने सवयीने शिफ्ट धरून अक्षर दाबले की सोय नाहीशी होते आणि नंतर बसणाऱ्या काकूंना कारण कळत नाही.

त्याच विभागात बाउन्स कीज आणि स्लो कीज हे दोन पर्याय आहेत. पहिल्याने एकाच कळीचा लागोपाठ झालेला दुसरा स्पर्श ठरावीक वेळेपर्यंत दुर्लक्षिला जातो, दुसऱ्याने कळ ठरावीक वेळ दाबून धरल्याशिवाय ती मानलीच जात नाही. थरथरणाऱ्या हाताला पहिला फार उपकारक आहे. दुसरा मी क्वचितच वापरते, कारण त्याने लिहिण्याची लय मोडते आणि कळ बिघडली आहे असे वाटू लागते. वेचणीच्या दिवसांत बोट रेंगाळते त्यासाठी खरा उपाय कळ पुन्हा उमटण्याआधीचा अवधी वाढवण्याचा आहे. ५०० चे ९०० किंवा १००० मिलिसेकंद केले की ‘कककक’ अशी ओळ उमटणे थांबते. उमटणे पूर्णपणे बंदही करता येते, पण मग मागचे खोडण्याची कळ धरून ठेवली तरी एकच अक्षर खोडले जाते, म्हणून अवधी वाढवणेच बरे.

इन्स्क्रिप्टची परीक्षा मी एका शब्दावर घेते, आणि तो शब्द म्हणजे ‘वऱ्हाड’. त्यातला र साधा नाही. युनिकोडमध्ये ऱ हे वेगळे अक्षर आहे, त्याला हलन्त जोडून पुढे ह लिहिला की मराठीची ती डोळ्याच्या पापणीसारखी खूण मिळते, आणि साधा र घेतला तर ती ह वरचा रफार होऊन बसते. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्टसह जे वर आहे. आपल्या प्रदेशाचे नाव ज्याला बरोबर लिहिता आले त्याला ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ हे सारे शब्द लिहिता येतात, आणि शेतकऱ्यांच्या अर्जात हा शेवटचा शब्द किती वेळा येतो हे वेगळे सांगायला नको.

टंकलेखनवाल्या काकांना मात्र मी इन्स्क्रिप्ट शिकवले नाही. त्यांची बोटे रेमिंग्टनच्या मांडणीवर घडलेली आहेत. टंकलेखन यंत्रावर अक्षर कागदावर जसे दिसते तशा क्रमाने ठोकावे लागते: ‘कि’ लिहायचे तर वेलांटी आधी आणि क नंतर, ‘कर्म’ लिहायचे तर क, मग म, मग त्यावर रफार. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो, म्हणजे क नंतर वेलांटी, आणि ‘कर्म’ मध्ये र व हलन्त म च्या आधी. हा बदल डोक्याला पाच मिनिटांत कळतो, बोटांना कळत नाही, आणि सत्तरीच्या माणसाने आपला चालता हात मोडून तो का शिकावा, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. लिनक्समध्ये आयबस ही लेखनसोय आहे आणि तिला एम१७एन हा मांडण्यांचा संग्रह जोडता येतो. त्यात हिंदीच्या नावाखाली रेमिंग्टनच्या धर्तीची मांडणी आहे, आणि ती कळांचा जुना क्रम स्वीकारून आत युनिकोडच लिहिते. काकांनी पहिल्यांदा एक सबंध ओळ कीबोर्डाकडे न पाहता लिहिली आणि म्हणाले, “पोरी, हे तं मायंच मशीन हाय.” एवढे लक्षात ठेवावे की आयबस सुरू होताना एक्सएफसीईत ठरवलेली कीबोर्डाची मांडणी बाजूला सारतो. ते टाळायचे असेल तर त्याच्या प्रगत पर्यायांत संगणकाचीच मांडणी वापरण्याची चौकट निवडावी लागते. कॅप्स लॉकची आणि दिव्याची सोय अचानक नाहीशी झालेली दिसली तर बहुधा कारण हेच असते.

माउसविषयी थोडक्यात लिहिते, कारण तेथे ठरवायच्या गोष्टी कमी आहेत, पण त्या दुर्लक्षित राहिल्या तर त्रास मोठा होतो. “ताई, हा बाण कोठी गेला?” हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जातो. बाण हरवण्याचे एक कारण त्याचा आकार आहे, तो २४ चा ४८ पिक्सेल केला की निम्मी तक्रार संपते. दुसरे कारण वेगवाढ. आजच्या लिनक्समध्ये माउस आणि टचपॅड लिबइनपुट या भागाकडून वाचले जातात, आणि त्याची नेहमीची पद्धत हाताच्या वेगाप्रमाणे बाणाचा वेग वाढवण्याची आहे. सरावलेल्या माणसाला त्याने मनगट कमी हलवावे लागते. नवीन माणसाचा हात मात्र आधी अडखळतो आणि मग झटका देतो, तो झटका वेगवाढीने मोठा होतो आणि बाण स्क्रीनच्या काठाला जाऊन पोहोचतो. दुसरी, सपाट म्हटली जाणारी पद्धत अशी की हात जितका सरकला त्या प्रमाणातच बाण सरकतो, वेग कितीही असो. ग्नोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती एका खटक्यावर मिळते. इतर ठिकाणी एक्सइनपुट या आज्ञेने ती निवडता येते. शिकणाऱ्यासाठी माझी पसंती निःसंशय सपाट पद्धतीला आहे, कारण हात आणि बाण यांचे नाते डोळ्यांना लगेच समजते. एक्सएफसीईत बाण कोठे आहे ते वर्तुळ दाखवून सांगणारी छोटी आज्ञाही आहे, आणि ती एखाद्या कळीला जोडून ठेवली की मला उठावे लागत नाही.

डबल क्लिकचे ४०० मिलिसेकंद मी वयस्क लोकांच्या खात्यात दुप्पट केले आहेत, आणि फाइलींच्या खिडकीत तर एका क्लिकवरच फोल्डर उघडेल असे ठेवले आहे. डबल क्लिक ही सवय शिकवण्यात जो वेळ जातो त्यात त्या बाईचे अर्धे इतिवृत्त लिहून होते. डावखुऱ्यांसाठी बटनांची अदलाबदल करण्याची सोयही माउसच्या सेटिंगमध्ये आहे. आपल्याकडे डाव्या हाताने केलेले काम घरात अजूनही पुष्कळदा टोकले जाते, आणि आमच्याकडे येणारी एक डावखुरी मुलगी उजव्या हाताने माउस धरून कष्टाने काम करत असे. तिच्या खात्यात बटने बदलली, माउस डावीकडे ठेवला, आणि तिला तेथे कोणी टोकले नाही.

स्क्रीनच्या बाबतीत मात्र एक समज इतका पसरलेला आहे की त्याविषयी ठामपणे लिहिले पाहिजे. अक्षर बारीक दिसते म्हणून स्क्रीनचे रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, कमी करायचे, १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरवर १०२४ बाय ७६८ ठेवायचे, ही रीत मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. एलसीडी मॉनिटरवर ठिपक्यांची संख्या काचेतच ठरलेली असते. त्याहून कमी संख्येचे चित्र दिले की ते ताणून त्या ठिपक्यांवर बसवावे लागते, एका ठिपक्याचा रंग शेजारच्यात मिसळतो, आणि अक्षर मोठे होते तसे पुसटही होते. रोमन अक्षर ते सोसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर, एवढे सारे त्याच उंचीत बसवायचे असते, त्यामुळे पुसट अक्षरात ‘र्क’ आणि ‘के’, ‘ध’ आणि ‘घ’ एकमेकांत मिसळून जातात. म्हणून रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ संख्येवरच ठेवावे आणि अक्षर मोठे करावे. एक्सएफसीईत दिसण्याच्या सेटिंगमध्ये अक्षरांच्या पानावर डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके धरायचे याचा, आकडा असतो. तो ९६ चा १२० केला की सर्व अक्षरे सव्वापट होतात, आणि त्यांच्या कडा रेखीव राहतात. आमच्याकडचा साडेअठरा इंची मॉनिटर इंचाला सुमारे ८५ ठिपक्यांचा आहे आणि जुना सतरा इंची, १२८० बाय १०२४ चा, सुमारे ९६ ठिपक्यांचा. म्हणजे एकच आकडा दोन्हींना देऊन भागत नाही, प्रत्येकासमोर बसून, वाचणाऱ्याच्या अंतरावरून, तो ठरवावा लागतो.

कधी कधी मूळ रिझोल्यूशन यादीत दिसतच नाही. याचे कारण बहुधा केबल असते. मॉनिटर स्वतःची ओळख, म्हणजे आपण किती ठिपक्यांचे आहोत वगैरे, ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीतून संगणकाला सांगतो, आणि व्हीजीए केबलमध्ये त्यासाठी वेगळ्या तारा असतात. पिन वाकली किंवा तार तुटली की चित्र येते पण ओळख पोहोचत नाही, आणि संगणक १०२४ बाय ७६८ सारखा सुरक्षित आकडा धरून बसतो. आधी केबल बदलून पाहावी. नवी केबल मिळेपर्यंत एक्सरँडर या आज्ञेने रिझोल्यूशन हाताने जोडता येते, त्यासाठीचे आकडे सीव्हीटी ही आज्ञा काढून देते. १३६६ ला आठने भाग जात नसल्यामुळे ती १३६८ चे आकडे देते, त्याने घाबरून जाऊ नये. ही जोडणी यंत्र बंद होताच विसरली जाते, आणि आमच्याकडे वीज केव्हाही जाते, म्हणून ती लॉगिनच्या वेळी आपोआप चालणाऱ्या फाइलीत लिहून ठेवणे भाग आहे. व्हीजीएवर चित्र किंचित सरकलेले किंवा थरथरते दिसत असेल तर मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटन एकदा दाबावे.

फॉन्टही स्क्रीनच्याच विषयात येतो. नोटो सान्स देवनागरी आणि ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट हे दोन्ही मोफत आहेत आणि लहान मापातही त्यांच्या मात्रा स्पष्ट दिसतात. यंत्राची भाषा मराठी ठेवली, तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत त्यांतून तेच उचलले जातात. हिंदी ठेवली तर हिंदी वळणाचे येतात. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये वर्णमालेचे प्रमाणीकरण केले तेव्हा या दोन अक्षरांची मराठी वळणे निश्चित झाली, आणि पाटीवर ज्या वळणाचा ल गिरवला तोच स्क्रीनवर दिसावा ही अपेक्षा मला रास्त वाटते.

उजेडाचे काय करावे हा प्रश्न आमच्या उन्हाळ्याने निर्माण केला आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि सकाळी अंगणातला पांढरा उजेड थेट काचेवर पडतो. सकाळी गडद पार्श्वभूमीवर स्वतःचा चेहराच दिसतो, म्हणून आम्ही उजळ पार्श्वभूमी आणि काळी अक्षरे ठेवतो आणि टेबल दाराला काटकोनात लावले आहे. दुपारी तीच स्क्रीन डोळ्यांना लागते. तेव्हा उजेड मॉनिटरच्याच बटनांनी कमी करावा. एक्सरँडरमध्ये उजेडाचा पर्याय आहे खरा, पण तो केवळ रंग काळवंडतो, मागचा दिवा तसाच जळत राहतो, त्यामुळे इन्व्हर्टरची वीज काहीच वाचत नाही. वाचवायचे असेल तर काही मिनिटे हात न लागल्यास मॉनिटर पूर्ण बंद होण्याची वेळ पॉवरच्या सेटिंगमध्ये कमी करावी.

एकाच यंत्रावर एवढ्या वेगवेगळ्या आवडी कशा नांदतात, तर प्रत्येक प्रकारच्या हाताला वेगळे खाते देऊन. लिनक्समध्ये ही सारी सेटिंग त्या त्या वापरकर्त्याच्या घरात राहतात. एक्सएफसीई ती साध्या मजकुराच्या फाइलींत लिहितो, कीबोर्डाची एक, माउसची एक, स्क्रीनची एक, ॲक्सेसिबिलिटीची एक, आणि त्या कोणालाही उघडून वाचता येतात. काकांचे खाते, बचत गटाचे, विद्यार्थ्यांचे, डावखुऱ्या मुलीचे, अशी खाती आहेत. एका यंत्रावर कीबोर्डाचे आणि माउसचे बसलेले माप पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेता येते, फक्त स्क्रीनची फाइल नेऊ नये, कारण दोन्ही मॉनिटर वेगळे आहेत, आणि डीपीआयचा आकडाही नव्या जागी पुन्हा तपासावा.

येत्या काळात यातले बरेच काही नव्याने लावावे लागणार आहे. एक्सची जागा वेलँड घेत आहे. तो प्रकल्प २००८ साली सुरू झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या एक्सएफसीई ४.२० ने त्यासाठी प्रायोगिक सोय दिली आहे. वेलँडमध्ये एक्सकेबीच्या मांडण्या टिकून राहतात, इन्स्क्रिप्टला धोका नाही. पण एक्सरँडर आणि एक्सइनपुट या आज्ञा ज्या सर्व्हरशी बोलत तो तेथे नसतो, ते काम कंपोझिटर नावाच्या प्रोग्रामकडे जाते, आणि स्टिकी कीज किंवा बाउन्स कीज यांसारख्या सोयी प्रत्येक कंपोझिटरने स्वतः लिहाव्या लागतात. ज्यांनी लिहिल्या त्यांत त्या आहेत, ज्यांनी लिहिल्या नाहीत त्यांत नाहीत. म्हणून दोनांपैकी कोणतेही यंत्र वेलँडवर नेण्याआधी मी पेनड्राइव्हवरून ते तात्पुरते चालवून पाहणार आहे: शिफ्ट दाबून सोडल्यावर ‘आई’ उमटते का, कॅप्स लॉकने मराठी आली की दिवा लागतो का, आणि काकांच्या रेमिंग्टनमध्ये आधी ठोकलेली वेलांटी आपल्या क ला जाऊन लागते का. ही तिन्ही जमेपर्यंत आमची यंत्रे एक्सवरच राहतील.